आक्काचे पिठले

माझी थोरली बहीण आक्का केज तालुक्यात राहते. तिला स्तनाचा कॅन्सर, म्हणजे कर्करोग झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात उपचार सुरू झाले. सलाईनमधून औषध देत.

दुसऱ्या सलाईननंतर घरात भांडण लागले. "पिठलं कडू केलंस. मीठ तर घातलंच नाहीस!" असे म्हणून आक्का ताट सरकवी. सून चुलीपाशी बसून रडे. मी ते पिठले खाऊन पाहिले. मीठ बरोबर होते. कडूही नव्हते.

मग दोष कुणाचा? सुनेच्या हाताचा नाही. आक्काच्या स्वभावाचाही नाही. हा परिणाम औषधाचा.

आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या बारीक कळ्या असतात. त्यांतील पेशी साधारण १० दिवसांत जुन्या होतात आणि नव्या येतात. कॅन्सरच्या पेशीही भराभर वाढतात. औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. तणावर फवारलेल्या औषधाने शेजारचे पीकही करपते ना? तसेच हे. तोंडाला किंवा मानेला शेक दिला, तर लाळही आटते. मग चव नीट कळत नाही.

हा रोग काही शहरातलाच नाही. बार्शीला १९८७ सालापासून खेड्यांतील कॅन्सर रोग्यांची नोंद ठेवतात. तेव्हा अशी भांडणे घरोघरी होत असतील. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

जेवणाआधी गुळण्या करा. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ लहान चमचा मीठ आणि १ लहान चमचा खाण्याचा सोडा घाला. हे पाणी गिळू नका.

तोंडाला पितळेसारखी चव येते का? मग लाकडी चमचा वापरा. अन्न अळणी लागते का? लिंबू पिळा, कोथिंबीर घाला. पण तोंड आले असेल, तर आंबट आणि ठेचा दोन्ही नको. मुगाची मऊ खिचडी द्या.

गरम अन्नाच्या वासाने मळमळत असेल, तर ते निववून द्या. दोन-दोन तासांनी थोडे थोडे द्या. डाळ, उकडलेले अंडे, तापवलेले दूध, शेंगदाण्याचे कूट यांनी ताकद टिकते. तंबाखू, मिश्री बंदच करा.

रोगी जेवला नाही, तर वजन घटते. फार घटले, तर उपचारही लांबू शकतो. वजन उतरू लागले, की डॉक्टरांना सांगा. ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा.

चव बहुधा परत येते. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने. शेकानंतर जास्त वेळ लागतो.

हे कळल्यावर सून रोज विचारू लागली, "आत्याबाई, आज तोंडाला काय बरं लागतंय?" उपचार संपल्यावर तिसऱ्या महिन्यात आक्का म्हणाली, "पोरी, आज पिठल्यात मीठ जास्त झालं गं."

मी खाऊन पाहिले. मीठ खरेच जास्त झाले होते. सून हसू लागली.