उपग्रहाची दृष्टी आणि भूमीची नावे

भूपृष्ठाला स्पर्श न करता, त्यावरून येणाऱ्या किरणांच्या आधारे त्याची माहिती मिळविण्याच्या विद्येस 'सुदूर संवेदन' म्हणतात. भारतात १९७० मध्ये पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळातील माडांवरील मर रोगाचा शोध हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन करण्यात आला, तो या विद्येचा येथील प्रारंभ होय. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए बैकोनूर येथून अंतराळात गेला. तो दर २२ दिवसांनी त्याच भूभागावर परत येत असे.

या निरीक्षणामागील तत्त्व साधे आहे. पानांतील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानांची अंतर्गत रचना निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोन परावर्तनांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता वनस्पती-निर्देशांक मिळतो. त्याचे मूल्य -१ ते +१ यांच्या दरम्यान असते. दाट हिरवाईवर ते १ कडे झुकते, उघड्या जमिनीवर शून्याच्या आसपास राहते.

परंतु उपग्रह मोजतो तो प्रकाश. नाव देतो तो माणूस. मराठीत 'गायरान' हा शब्द गावाचा चराईचा हक्क सांगतो, 'कुरण' गवतासाठी राखलेली जमीन दर्शवितो, 'बरड' मातीचा निकसपणा सुचवितो, तर 'पडीक' एवढेच सांगतो की तेथे नांगर चालत नाही. उन्हाळ्यात गवत वाळल्यावर या चारही जमिनी उपग्रहास जवळजवळ सारख्याच दिसू शकतात. अनेक ऋतूंतील प्रतिमा ताडून पाहिल्यास गवत व खडक यांतील भेद उलगडतो. हक्काचा भेद मात्र कोणत्याही किरणातून उलगडत नाही.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या ओसाड भूमीच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन व ऱ्हास पावलेली चराऊ राने यांचाही अंतर्भाव आहे. दख्खनच्या ज्या माळांवर धनगरांची मेंढरे चरतात व जेथे माळढोक वावरत आला, त्यांस एकदा 'ओसाड' ही संज्ञा चिकटली, की त्यांवर वृक्षलागवड वा अन्य प्रकल्प योजणे हे सुधारणेचे कार्य ठरते; आणि चराईचा हक्क विचारातच घेतला जात नाही.

म्हणून प्रतिमेच्या वाचनास प्रत्यक्ष क्षेत्रपडताळणीची जोड आवश्यक मानली जाते. त्या पडताळणीत मातीच्या नमुन्यांबरोबर तेथील लोकांच्या बोलीतील भूमिवाचक शब्दांचीही नोंद व्हावयास हवी. ते काम भाषाभ्यासकांचे आहे.