‘कोयत्या’ला खाडा परवडत नाही

शिरोळ तालुका उसाचा. उसाच्या दरावरून राज्यभर गाजणारी ऊस परिषदही याच तालुक्यात, जयसिंगपूरला भरते. टनाला किती रुपये मिळावेत, पहिली उचल किती असावी, उतारा कोणता धरावा, याचा तेथे तपशीलवार ऊहापोह होतो. हा ऊस तोडणाऱ्या हातांपैकी जवळजवळ निम्मे हात स्त्रियांचे असतात आणि दर महिन्याला काही दिवस ते दुखऱ्या शरीराने चालवावे लागतात, ही बाब मात्र त्या हिशेबात कधी येत नाही. पाळीचे दुखणे सोसायचे असते, बोलायचे नसते, अशीच रीत आहे. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ अशा आडवळणाच्या शब्दांनी वेळ भागवली जाते. वैद्यकीय परिभाषेत या दुखण्याला ‘कष्टार्तव’ असे नेमके नाव आहे. घराघरांत ते कोणी उच्चारत नाही इतकेच.

या वेदनेचे मूळ मनात नसून गर्भाशयात आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाची द्रव्ये स्रवतात. त्यांच्या प्रभावाने गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, तेथील रक्तपुरवठा काही काळ कमी होतो आणि ओटीपोटात कळा येतात. ही द्रव्ये ज्यांच्यात अधिक प्रमाणात तयार होतात, त्यांना वेदनाही अधिक. कंबर व मांड्या भरून येणे, मळमळ, जुलाब, डोकेदुखी हा त्याचाच परिवार. हे दुखणे साधारणतः स्रावाच्या सुमारास सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ओसरते. याहून वेगळा प्रकार म्हणजे आजारामुळे होणारी वेदना. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे (एंडोमेट्रिओसिस), गाठी किंवा जंतुसंसर्ग ही तिची काही कारणे. वेदना वर्षागणिक वाढत असेल, पाळीव्यतिरिक्तही दुखत असेल किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर तपासणी टाळता कामा नये. एंडोमेट्रिओसिसचे निदान व्हायला कित्येकदा वर्षानुवर्षे लागतात, कारण ‘बायकांना दुखायचेच’ हे उत्तर आधीच तयार असते.

कामावर याचा परिणाम किती होतो, याचे एक मोठे मोजमाप नेदरलँड्समध्ये झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३२,७४८ स्त्रियांनी माहिती दिली. पाळीच्या त्रासामुळे वर्षाकाठी सरासरी ८.९ दिवसांइतके काम बुडते, असे त्यातून दिसले. मात्र यातील फारच थोडे दिवस रजेचे होते. बहुतेक नुकसान कामावर हजर राहून, पण दुखत असल्याने काम कमी झाल्यामुळे होत होते. रजा घेणाऱ्यांपैकी खरे कारण वरिष्ठांना सांगणाऱ्या स्त्रिया तर जेमतेम पाचातील एक. युरोपातील मोकळ्या समाजात ही स्थिती असेल, तर मुकादमासमोर उभ्या असलेल्या स्त्रीची काय कथा!

शिरोळ आणि परिसरातील कारखान्यांसाठी तोडणीच्या टोळ्या बीडसारख्या जिल्ह्यांतून येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. हंगामापूर्वी घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची असते. पहाटे अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. मुक्काम कोपीत. शौचालय नाही, पाणी दूरवर, कापड धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. एक दिवस खाडा पडला की मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. २०१९ मधील वृत्तांत हा दंड दिवसाला ५०० रुपये असल्याचे नमूद होते. त्यामुळे पाळीचा त्रास हा या बाईच्या लेखी आजार न राहता कर्जात पडणारी भर ठरतो.

याच हिशेबातून एक भयानक ‘उपाय’ रूढ झाला: पिशवीच काढून टाकायची. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारने दिलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली होती. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांत चाळिशी न गाठलेल्याही अनेक होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अतिस्राव अशा तक्रारींसाठी औषधोपचार शक्य असताना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवल्याचे अनेकींनी सांगितले. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज, ते फेडण्यासाठी पुन्हा तोच कोयता.

खरे तर साध्या कष्टार्तवावरचा उपाय महागडा नाही. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात; म्हणून कळा असह्य होईपर्यंत न थांबता दुखणे सुरू होताच ती घेतली तर उपयोग अधिक. अर्थात ती उपाशीपोटी घेऊ नयेत, आणि आम्लपित्त, दमा वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. ओटीपोटावरील शेकही चांगला आराम देतो. अडचण एवढीच, की फडात शेकायला वेळ कोठून आणायचा?

रजेचा प्रश्न देशात नवा नाही. बिहारने १९९२ मध्येच सरकारी महिला कर्मचाऱ्यांना महिन्यातून दोन दिवसांची सवलत दिली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मात्र हा धोरणाचा विषय असल्याचे सांगत, सक्तीच्या रजेमुळे मालक स्त्रियांना कामावर घेण्याचे टाळतील, अशी शंका बोलून दाखवली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शिरोळच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकाने तरीही २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस पगारी रजेचे धोरण मंजूर केले. ते कारखाने, दुकाने, कार्यालये अशा नोंदणीकृत आस्थापनांतील स्त्रियांसाठी आहे. ऊसतोड करणारी स्त्री सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. उचल बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर दिलेली असते आणि मुकादमाच्या वहीत दोघांची मिळून एकच नोंद असते: एक कोयता.