अक्षराच्या माथ्यावरचा चौकोन

रोमन अक्षराच्या टोकाला जी बारीक आडवी पट्टी किंवा पाचर असते, तिला सेरिफ म्हणतात. पुस्तके आणि वर्तमानपत्रे छापताना शतकानुशतके याच वळणाच्या अक्षरांवर भिस्त राहिली. ही सारी पाश्चात्त्यांची कलाकुसर, आपल्या लिपीला तिचा गंध नव्हता, असा समज सर्रास आढळतो. नागपूरकरांनी तरी तो बाळगू नये. आपल्याच जिल्ह्यात दीड हजार वर्षांपूर्वी अक्षरांचे माथे असे सजवले जात होते.

सेरिफची गोष्ट बहुधा रोमच्या ट्रॅजन स्तंभापासून सांगितली जाते. इ. स. ११३ मधल्या त्या स्तंभावरची अक्षरे आजही नमुना मानली जातात. आधी सपाट कुंचल्याने अक्षर रंगवायचे आणि मग त्यावरून छिन्नी चालवायची; रेघ सुरू होताना आणि संपताना कुंचला वळतो, तिथे सेरिफ उमटते, हे एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ साली सविस्तर मांडले. म्हणजे सेरिफ जन्मली ती हाताच्या वळणातून आणि हत्याराच्या धाटणीतून.

आता विदर्भाकडे वळू. चौथ्या-पाचव्या शतकात इथे वाकाटकांचे राज्य होते आणि नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, ही त्यांची एक राजधानी. त्यांच्या बहुतेक ताम्रपटांवरची ब्राह्मी पेटिकाशीर्षक आहे. प्रत्येक उभ्या रेघेच्या माथ्यावर एक छोटा चौकोन बसवलेला असतो. काही ताम्रपटांत तो पोकळ दिसतो, काहींत भरीव. अचलपूरजवळच्या चम्मकला १८६८ साली सापडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट घ्या. एक हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याचा तो लेख आहे. मजकूर व्यवहाराचा, पण कोरणाऱ्याने अक्षरागणिक माथ्यावरचा चौकोन काही सोडला नाही. तांब्यावर साधी रेघ ओढणे आणि तिच्या टोकाला चौकोन घडवणे यांत कष्टाचा मोठा फरक आहे. राजाज्ञेला शोभेल असा भारदस्तपणा अक्षरात यावा, म्हणूनच हे कष्ट घेतले गेले असावेत, असे मला वाटते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याच्या लेखातही हेच वळण दिसते.

याच नंदिवर्धनहून वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताने दिलेला ताम्रपट पुढे पुण्यात सापडला. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. त्या ताम्रपटावर चौकोनांऐवजी खिळ्याच्या माथ्यासारखी पाचर आहे. हे वळण उत्तरेतल्या गुप्तांकडचे. वंशावळही तिने माहेरची दिली. एकाच राजघराण्यात माथ्याच्या दोन तऱ्हा नांदत होत्या आणि अक्षर पाहून लेखनाची परंपरा ओळखता येत होती. हे वाचन आपल्यापर्यंत पोचवण्यात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा वाटा फार मोठा. नागपुरात राहून त्यांनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित केले. तो ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला.

माथ्यावरच्या या खुणा पुढच्या शतकांत आडव्या लांबत गेल्या, शेजारच्या अक्षराला भिडल्या आणि नागरीची शिरोरेषा तयार झाली. रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते, म्हणून त्याला पायाशीही सेरिफ लागते. आपले अक्षर वळचणीला टांगल्यासारखे वरून लोंबते, म्हणून आपला सारा साज माथ्याशी गोळा झाला. जाड-बारीक रेघांचा मेळ मात्र दोन्हीकडे आहे. तिकडे तो कुंचल्याने आणि पिसाने दिला, इकडे तिरक्या छाटलेल्या बोरूने.

छपाई आली तेव्हा बोरूचे हे वळण खिळ्यांत उतरले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने १८६९ पासून ते इतके देखणे केले की मराठी-संस्कृत ग्रंथांचे ते मापच ठरले. नागपुरात १९११ साली सुरू झालेल्या ‘हितवाद’सारख्या इंग्रजी पत्रांचा मजकूर सेरिफ खिळ्यांतच जुळत असे. १९३२ साली लंडनच्या ‘टाइम्स’साठी स्टॅन्ली मॉरिसन आणि व्हिक्टर लार्डेंट यांनी टाइम्स न्यू रोमन घडवला. अंगाने आटोपशीर असल्याने कमी जागेत जास्त मजकूर मावतो आणि तरी वाचताना डोळा अडखळत नाही, हा त्याचा गुण. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कागदपत्रांसाठी हाच टंक, १४ आकारात, ठरवून दिला. दुकानांच्या पाट्यांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर बिनसेरिफ अक्षर सोयीचे, हे खरेच. पण पानामागून पान वाचायचे असेल, तर मला माथा आणि पाय असलेले अक्षरच हवेसे वाटते.

संगणकाच्या काळात या दोन परंपरा एकाच टंकात आल्या. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या टंकावरून आयआयटी मुंबईने शोभिका तयार केला. त्यात रोमन अक्षरे सोर्स सेरिफ या टंकातून घेतली आहेत. शिरोरेषा आणि सेरिफ तिथे एकाच ओळीत शोभून दिसतात.

राहिले ते वाकाटकांचे चौकोन. ब्राह्मीला युनिकोडमध्ये २०१० साली जागा मिळाली, त्यामुळे पेटिकाशीर्षक वळणाचा टंक घडवायला तांत्रिक अडचण उरलेली नाही. नागपूरच्या अक्षरकारांनी आणि कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. सुरुवात अजब बंगल्यातल्या ताम्रपटांपासून करावी; नमुने घरातच आहेत.