धावणं थांबलं म्हणून ताट अर्धं करायचं का?

पावसाळा लागला की शेलू, नेरळ, वांगणी भागात पहाटे पळणाऱ्यांची पंचाईत होते. रस्त्याच्या कडेला चिखल, वरून धार, पाय घसरायची भीती. मग बरेच जण जिम लावतात. दुसरे असतात पोलीस भरतीची तयारी करणारे. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं आणि ७.२६ किलोचा गोळाही फेकायचा असतो. मुलींना ८०० मीटर पळणं आणि ४ किलोचा गोळा. पळण्यात वेळ बसते, पण गोळ्यात गुण जातात, आणि मग वजनं उचलायला सुरुवात होते. व्यायाम बदलला की जेवणाचं काय करायचं, यावर घरीदारी सल्ले मिळतात. त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

गैरसमज १ : पळणं बंद, म्हणजे जेवण निम्मं करायला हवं.

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहू. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस रोज ८ किलोमीटर, आठवड्यातून ६ दिवस पळत असेल, तर आठवड्याला सुमारे २,९०० कॅलरी जातात. तोच माणूस आठवड्यातून ४ दिवस तासभर वजनं उचलू लागला, तर साधारण १,१०० कॅलरी जातील. फरक दिवसाला २५० कॅलरींचा, म्हणजे तांदळाच्या एका भाकरीहून थोडा जास्त.

आता दुसरी बाजू. वजन उचलल्यावर स्नायूंची डागडुजी आणि वाढ पुढचा एक ते दोन दिवस चालू राहते, आणि त्यासाठी शरीराला माल लागतो. सडपातळ माणसाला ताकद आणि स्नायू कमवायचे असतील, तर गरजेपेक्षा दिवसाला २००-३०० कॅलरी जास्तच घ्याव्या लागतात. म्हणजे वाचलेली भाकरी परत ताटात येते. पोटावर चरबी असलेल्यांनी मात्र हे वरचं खायची गरज नाही. नवख्या माणसाला पुरेशी प्रथिनं मिळाली, तर चरबी उतरताना स्नायू वाढू शकतात.

गैरसमज २ : काट्यावर वजन वाढलं, म्हणजे चरबी चढली.

वस्तुस्थिती : वजनं उचलायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काटा एक-दोन किलो वर सरकू शकतो. स्नायूंमध्ये साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वाढतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. पळणारे लोक हलकेपणाला जपतात, म्हणून एवढं वजन पाहूनच घाबरतात आणि रात्रीचं जेवण सोडतात. त्याऐवजी आठवड्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा आणि उचललेल्या वजनांची वहीत नोंद ठेवावी. पाणी भरण्याचे दिवस सरल्यावर स्नायू वाढवू पाहणाऱ्याचं वजन आठवड्याला पाव ते अर्धा टक्का, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं १५० ते ३०० ग्रॅम वाढलं, तर गाडी रुळावर आहे.

गैरसमज ३ : रोज वरण-भात खातो, प्रथिनं पुरेशी मिळतात.

वस्तुस्थिती : सामान्य प्रौढासाठी आयसीएमआरने दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. स्नायू वाढवायचे तर दर किलोला सुमारे १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे ९६ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ५ ग्रॅम असतात आणि शिजलेल्या १०० ग्रॅम भातात अडीच. नुसत्या वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही.

गैरसमज ४ : मग डबा आणून पावडरच घ्यावी लागणार.

वस्तुस्थिती : पावडर चालते, पण ती सोय आहे, गरज नाही. ती स्टेरॉइडही नाही. व्हे पावडर तर दुधापासूनच बनते. घ्यायचीच तर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहून, बिलासकट घ्या.

पण त्याआधी रायगडचं स्वयंपाकघर पाहा. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर इथे वाल घेतात. त्याच वालाचं बिरडं होतं, थंडीत त्याच्या शेंगांची पोपटी लागते. कोरड्या वालात दर १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं आहेत. शेंगदाण्यांतही तेवढीच. सुक्या बोंबलांत तर १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास.

दिवसाचं गणित असं बसतं : दोन अंडी १२ ग्रॅम, मोठा पेलाभर दूध ८, घट्ट बिरड्याच्या किंवा उसळीच्या दोन वाट्या २०, वाटीभर दही ५, मूठभर शेंगदाणे १०, २५ ग्रॅम सुके बोंबील १५, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या १५, तांदळाच्या चार भाकऱ्या १४. एकूण ९९ ग्रॅम. मासे न खाणाऱ्यांनी बोंबलांच्या जागी ८०-९० ग्रॅम पनीर घ्यावं. सुकी मासळी खारट असते. धुऊन, भिजवून घ्यावी आणि रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावी.

ही सगळी प्रथिनं रात्री एकदम न खाता तीन-चार वेळांत, प्रत्येकी २०-३० ग्रॅम अशी वाटली तर जास्त उपयोगी पडतात. पहाटेची लोकल धरणाऱ्याची अडचण इथेच होते. चहा-बिस्किटांवर घर सोडायचं, दुपारी डब्यात पोळी-भाजी आणि रात्री नऊला भरपेट जेवण. सकाळी दोन उकडलेली अंडी किंवा चण्यांची उसळ, आणि संध्याकाळी गाडीत शेंगदाणे-चणे, एवढ्यावरही बरंच साधतं.

गैरसमज ५ : भात बंद केला की शरीर पिळदार होतं.

वस्तुस्थिती : जड वजन उचलताना स्नायू मुख्यतः साठवलेली साखरच जाळतात आणि तो साठा भात-भाकरीतून भरतो. हलका ते मध्यम व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला ३ ते ५ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती तोडली तर शेवटचे सेट अर्धवट सुटतात, आणि महागामोलाने मिळवलेली प्रथिनंही इंधन म्हणून जळतात. रात्री भात खाल्ल्याने चरबी वाढत नाही; दिवसभराची बेरीज गरजेच्या वर गेली की वाढते. कर्जतला तर भाताचं संशोधन केंद्र आहे. इथल्या माणसाने भाताला शत्रू मानायचं कारण नाही.

गैरसमज ६ : खुराक पैलवानासारखाच हवा.

वस्तुस्थिती : कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान सकाळ-संध्याकाळ मेहनत करतो. जोर, बैठका, लढती यांत त्याचे कित्येक तास जातात, म्हणून दूध, तूप, बदाम त्याच्या अंगी लागतात. दिवसाला तासभर जिम करून बाकी वेळ खुर्चीत बसणाऱ्याने तोच खुराक घेतला, तर पोट तेवढं सुटेल.

गैरसमज ७ : कमी पडलं तर भूक लागेलच.

वस्तुस्थिती : भुकेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. जोरकस व्यायामानंतर काही वेळ भूक दबते, आणि वर्षानुवर्षं कमी खाऊन पळणाऱ्याला तेवढ्याचीच सवय झालेली असते. खर्चाच्या मानाने अन्न सतत कमी पडलं तर शरीर दुसरीकडे काटकसर करतं : हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. त्याची लक्षणं ओळखून ठेवावीत : पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, वारंवार सर्दी-ताप, झोप उडणं, चिडचिड, हाडाला बारीक तडा, आठवड्यांमागून आठवडे उचलायचं वजन न वाढवता येणं. पुरुषांनाही हे होतं. त्यांची कामेच्छा कमी होते. पाळी तीन महिने आली नाही, तर ‘व्यायामामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टर गाठावेत.

बायकांनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर ताकदीच्या व्यायामात दम लवकर लागतो. जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण त्याने लोह कमी शोषलं जातं. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावं, त्याने जास्त शोषलं जातं.

गैरसमज ८ : जास्त प्रथिनांनी किडनी जाते.

वस्तुस्थिती : निरोगी मूत्रपिंडांना वर सांगितलेल्या प्रमाणाने अपाय होत असल्याचा पुरावा नाही. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नये.

व्यायाम बदलला की पहिला महिना ताटातलं काही कमी करू नका. उसळ-अंडी-मासळी वाढवा, भात-भाकरी ठेवा, आठवड्यातून एकदा वजन आणि कंबर मोजा. आकडे पाहून मग घास कमी-जास्त करा. शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून करू नका.