उंच गाडी म्हणजे डोंगरी गाडी नव्हे

उंच बांधा, मोठी चाकं आणि दारांखाली काळ्या प्लास्टिकची पट्टी दिसली, की ही एसयूव्ही कुठल्याही वाटेने जाईल असं वाटतं. जुन्या गाड्यांबाबत ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

सुझुकीची व्हिटारा पाहा. १९८८मध्ये ती जपानमध्ये ‘एस्कुडो’ नावाने आली. खाली लॅडर फ्रेम (शिडीसारखी पोलादी चौकट) आणि त्यावर बसवलेली बॉडी. चारही चाकांना ताकद देता येई आणि लो-रेंज गिअरही (वेग घटवून ओढ वाढवणारी जोडणी) होता. २००५च्या ग्रँड व्हिटारात ही चौकट बॉडीतच सामावली. २०१५ची व्हिटारा मात्र पूर्ण क्रॉसओव्हर झाली, म्हणजे एसयूव्हीचं रूप आणि कारची रचना. मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा) बांधणी आली, इंजिन आडवं बसलं, लो-रेंज गिअर गेला.

म्हणून मोनोकॉक कमकुवत ठरत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत वेगळा सांगाडा नसतो. दुमडलेल्या कडा आणि कोपरेच भार पेलतात. इथेही तसंच. वजन घटतं, इंधन वाचतं, वळणावर गाडी कमी झुलते. खडकाळ चढ किंवा खोल चिखलात मात्र जुनी रचनाच सरस.

भारतात २०२२मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटाराच्या बहुतेक प्रकारांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. म्हणून गाडी निवडताना उंचीआधी दोन गोष्टी विचारा: ताकद किती चाकांना मिळते आणि लो-रेंज गिअर आहे का? रोजचा रस्ता डांबरी असेल, तर क्रॉसओव्हर पुरेशी आहे.