आगोट पावसाची, गाठ वाऱ्याशी

मे सरत आला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. लाकूडफाटा पडवीत रचला जातो, सुके बोंबील आणि जवळा डब्यांत भरला जातो, झडीच्या बाजूला झापं बांधली जातात. माळ्यावर चढून फुटकी कौलं बदलतात. कोळीवाड्यात होड्या वर ओढून शाकारायची घाई असते. चार महिन्यांच्या पावसासाठी घर कसं सज्ज करायचं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. 3 जून 2020 च्या दुपारी मात्र श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर जे आलं ते पाऊस घेऊन आलं खरं, पण घरं पाडली ती वाऱ्याने.

पाऊस कौलाला खाली दाबतो, वादळी वारा त्याला वर उचलतो. त्या दिवशीच्या निसर्ग चक्रीवादळाचं सगळं नुकसान समजायला हा एक फरक पुरे आहे. मंगळुरी कौलं रिपांवर नुसती अडकवलेली असतात. वारा छपरावरून वेगाने सरकतो तेव्हा उताराच्या पाठीमागच्या बाजूला ओढ निर्माण होते आणि कडेची कौलं आधी सुटतात. एकदा फट पडली की वारा घरात शिरतो, आतून छपराला धक्का देतो आणि मग वाशांसकट सगळं उघडं पडतं. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ताशी 55 किलोमीटरचा सोसाटा 110 वर गेला, तर दाब दुप्पट नाही, चौपट होतो. निसर्गचा वेग जमिनीवर येताना याच 110 च्या आसपास होता. दर पावसाळ्यात टिकणारं छप्पर त्या दिवशी का टिकलं नाही, हे यावरून कळेल.

म्हणून वादळाची तयारी आगोटीहून वेगळी आहे. पत्र्यावर दगड ठेवण्याची सवय सोडली पाहिजे. तोच दगड उडून कुणाच्या तरी डोक्यात बसतो. वाळूच्या गोण्या बऱ्या, आणि पत्रा जाड तारेने वाशाला, वासा भिंतीला बांधलेला असेल तर सर्वांत बरं. वाऱ्याच्या तोंडावरचं दार अडसर घालून, आतून फळी ठोकून बंद करायचं. अंगणातली बादली, पाट, तुळईचा तुकडा, सुटं काही म्हणून बाहेर ठेवायचं नाही. घरावर वाकलेल्या माडाचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या आधीच उतरवायच्या.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांना माहीत असते, नव्या पिढीला सांगावी लागते. वादळाचा डोळा गावावरून गेला तर वारा एकाएकी पडतो, आभाळही उजळतं. माणसं कौलं गोळा करायला बाहेर येतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने सुटतो आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळी केलेली भिंत दुसरा पाडतो. अशा शांततेत उंबरा ओलांडू नये.

बंदरावरचं शास्त्र जुनं आणि पक्कं आहे. तीन नंबरचा बावटा लागला की कोळी बांधव बंदराकडे वळतात. एक-दोन नंबर म्हणजे वादळ दूर आहे, तीन-चार म्हणजे बंदरालाच सावधगिरी, पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका, आणि अकरा म्हणजे संपर्कच तुटला. होडी खाडीत आत नेऊन बांधायची, पण दोर ताणून नाही. वादळाबरोबर समुद्राची पातळी चढते, आणि आखूड दोराची होडी पाण्याबरोबर वर येऊ शकली नाही तर ती तिथेच बुडते किंवा दोर तोडून शेजारच्या होडीवर आदळते. दोन होड्यांत अंतर, दोन बाजूंना नांगर, इंजिन आणि जाळी घरात.

ही वाढलेली पातळी भरतीवर चढली की खरा घात होतो. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा किनाऱ्यावरचा ठोकताळा. 3 जूनला ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती, म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आलं, तेव्हा ओहोटी लागली होती. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. तेच वादळ त्या दिवशी दुपारी बाराच्या भरतीला आलं असतं, तर समुद्र वाड्यांत कुठवर शिरला असता, याचा विचारही करवत नाही.

दुसरी अडचण वेळेची. ओडिशाने 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गमावली. तोच ओडिशा 2013 च्या फायलिनच्या वेळी जवळपास दहा लाख लोकांना हलवू शकला आणि जीवितहानी काही डझनांवर थांबली. पण फायलिन अंदमानजवळून आलं, चार दिवस हाती होते. निसर्गचं डिप्रेशन (वादळाआधीचं कमी दाबाचं क्षेत्र) 1 जूनला तयार झालं, 2 जूनला त्याला नाव मिळालं, 3 जूनला ते अंगावर होतं. हवामान खातं 72 तास आधीपासून टप्प्याटप्प्याने इशारे देतं. अरबी समुद्र आपल्याला तेवढी उसंत देईलच असं नाही. त्यातून तेव्हा कोरोनाची टाळेबंदी चालू, आणि शाळेत गर्दी करायची की नाही ही धास्ती. अशा वेळी कुणाला कुठल्या पक्क्या इमारतीत न्यायचं, कोण अंथरुणाला खिळलं आहे, कुणाची गाडी चालू स्थितीत आहे, ही यादी मे महिन्यातच ग्रामपंचायतीत लिहून तयार हवी. माझ्या मते शाकारणीइतकंच हे आगोटीचं काम आहे.

सुपारीच्या वाड्या वाचवता येत नाहीत, हे मात्र कबूल करावं लागतं. सुपारीचं झाड उंच आणि सडसडीत. ते मधोमध मोडतं. नवं रोप फळायला सहा-सात वर्षं लागतात, आणि त्याच्या आधाराने चढलेली मिरी आणि पानवेल त्याच्याबरोबरच जाते.

निसर्गनंतर कित्येक गावांत मोबाइलचे टॉवर बंद होते आणि वीज यायला काही आठवडे गेले. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या, गावच्या कौलारू घरात म्हातारे आईवडील असलेल्या प्रत्येकाला म्हणून एकच विनंती आहे. वादळाच्या नावाची बातमी आली की त्याच संध्याकाळी फोन करा, औषधं, पाणी, बॅटरीचा रेडिओ विचारा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 हा क्रमांक भिंतीवर लिहायला सांगा, आणि “आम्ही घर सोडून कुठे जाणार” असं ते म्हणाले तर शेजाऱ्याला फोन लावून त्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत पोहोचवा. दुसऱ्या दिवशी फोन लागणार नाही.