चौरंग बिघडतो तो हातामुळे नाही

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की नाशिकमधल्या अनेक घरांत माळ्यावरचा चौरंग खाली उतरतो. कडेला टवके उडालेले, पायांचा रंग निघालेला. मेनरोडवरून एक डबा आणि ब्रश आणून दुपारी काम उरकलं जातं. दुसऱ्या दिवशीही रंग बोटाला चिकटतोच आणि घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, 'आपला हात नाही त्यात.' या छंदातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच. हाताचा दोष थोडा असतो, महिन्याचा जास्त.

ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेत वाळतो आणि दमट हवेत त्याला फार वेळ लागतो. लाखेच्या पॉलिशची गत आणखी वाईट. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून ते करतात. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, श्रावण-भाद्रपदातल्या हवेची वाफ त्यावर बसते आणि पॉलिशवर पांढुरकी झाक येते. ती आली म्हणून सगळं खरवडून काढायची गरज नसते. कोरड्या दिवशी स्वच्छ सुती फडक्यावर अगदी थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हाताने फिरवलं तर बहुतेक वेळा ती जाते.

मग कुणी सुचवतं, 'गच्चीत कडक उन्हात ठेवा.' हा सल्ला त्याहून वाईट. उन्हात रंगाची वरची साय लगेच वाळते, आतला पातळ द्रव अडकतो आणि फोड येतात. जानेवारीही सरसकट सुरक्षित नाही. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण दर थोड्या वर्षांनी वाचतो. पाण्यात मिसळायच्या रंगाला साधारण दहा अंशांखाली नीट थर धरता येत नाही, पुढे तो भुकटीसारखा सुटतो. म्हणून नाशिककरांनी दसऱ्यानंतरचा महिना-दीड महिना किंवा फेब्रुवारी-मार्च धरावा. काम सावलीत करावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चौरंग पुढच्या गणपतीसाठी आदल्या वर्षीच रंगवावा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी.

'जुना रंग पूर्ण काढल्याशिवाय नवा बसत नाही' हेही असंच पक्कं समजलं जातं. जुना थर घट्ट असेल तर त्याची चकाकी मोडण्यापुरता २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, धूळ पुसली आणि प्रायमर दिला की पुरतं. सुटे पापुद्रे तेवढे काढायचे आणि खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायचे. मात्र जुना थर कशाचा आहे हे आधी ओळखावं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात, खुर्चीच्या बुडाला, स्पिरिटचा एक थेंब टाकावा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने विरघळतं, तर बहुधा डुको किंवा लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असण्याची शक्यता जास्त. एवढ्या तपासणीने पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

खरवडण्याबाबत एक गोष्ट गंभीर आहे. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत असावं हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-लाल भडक रंगांत, शिसं असू शकतं. त्या काळात रंगवलेल्या पाळण्याला किंवा कपाटाला कोरडा पॉलिश पेपर मारू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावं, मुलांना लांब ठेवावं आणि निघालेला चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

सागवानाला रंग देणं म्हणजे जणू गुन्हा, असं मानणारे आपल्याकडे खूप. नाशिकच्या जुन्या सरकारवाड्यातले लाकडी खांब पाहिले की त्यांचं म्हणणं पटतंही. शिरा एवढ्या देखण्या असतील तर पारदर्शक पॉलिशच शोभतं. पण लाकूड रंगवणं आपल्या परंपरेत नाही, हे खरं नव्हे. सावंतवाडीचे चौरंग आणि पाट रंगीत, लाखेचा लेप दिलेलेच असतात. तिथली मावळत चाललेली गंजिफाकला, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांची कला, सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकून पुन्हा उभी केली आणि तीच नक्षी पुढे फर्निचरवरही उतरली. सागाची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्या अंगात तेल असतं, म्हणून त्यावरचा रंग सुटतो. घासून झाल्यावर थिनरच्या फडक्याने पुसावं आणि तेल पुन्हा वर यायच्या आत प्रायमर द्यावा.

रंग दिला की वाळवी लागत नाही, यात काहीच तथ्य नाही. ती भिंतीतून, जमिनीतून, पायाच्या बुडाकडून शिरते. तिथे कुणाचाच ब्रश पोचलेला नसतो.

एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, हे रंगारी सांगतात ते खरंच आहे. पण हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. ऑइल पेंट पुरता कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर त्यावर फुलदाणी ठेवली की तळाचा गोल उमटलाच.

शेवटचा गैरसमज स्वयंपाकघरातला. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोळलं की लाकूड झळकतं, आणि आठवड्यात धूळ धरतं, कारण ही तेलं वाळतच नाहीत. जवसाचं तेल वाळतं. मात्र वाळताना उष्णता सोडतं. त्याचे बोळे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले तर ते आपोआप पेटू शकतात. काम संपलं की प्रत्येक फडकं उलगडून बाहेर दोरीवर एकेरी वाळत घालावं. तेवढा वेळ नसेल तर पाण्यात बुडवून ठेवावं.